लिंबावरचे फुलपाखरू आणि त्याचा मुलूख

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघावे, कोरेगावपाशी भीमा ओलांडावी, शिक्रापूर व रांजणगाव मागे टाकून घोडनदीच्या काठी शिरूर गाठावे. अथवा सोलापूरच्या रस्त्याने यवत, पाटस अशी गावे घेत दौंडास जावे. दोन्ही वाटांनी जाणारा प्रवासी अखेर एकाच जातीच्या मुलखात येऊन पोचतो. माळ, मुरूम, बाभळी, बोरी, मधूनच काळ्या जमिनीचा पट्टा, आणि जेथे घोड, भीमा किंवा कालवा यांचे पाणी पोचले आहे तेथे ऊस व फळबागा. जिल्हा एकच, पण त्याच्या पश्चिम टोकास लोणावळ्याच्या डोंगरावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेस सरकले की हाच आकडा पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. पावसाबरोबर झाडी विरळ होते आणि झाडीबरोबर फुलपाखरेही. २०१५ साली महाराष्ट्राने ज्या फुलपाखरास राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला, ते काळ्या-निळ्या पंखांचे भव्य नीलवंत मुख्यतः सह्याद्रीच्या ओलसर बाजूचे रहिवासी आहे. शिरूर-दौंडच्या माळावर त्याची वाट पाहत बसण्यात फारसा अर्थ नाही.

परंतु त्याच घराण्यातील एक फुलपाखरू असे आहे की, त्यास हा उघडा, तापट, कोरडा मुलूख परका वाटत नाही. ते लिंबाच्या बागेत दिसते, देवळाजवळच्या बेलावर दिसते, पुण्यातील एखाद्या गच्चीवर कुंडीत लिंबाचे एकच रोप असले तरी ते त्यास शोधून काढते. अलीकडच्या मराठी पुस्तकांतून त्यास 'लिंबाळी' असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. बागाईतदार मात्र फुलपाखरास नाव ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या लेखी ती 'लिंबावरची अळी' आणि तेवढ्याने त्याचे काम भागते.

पंख उघडले असता टोकापासून टोकापर्यंत लिंबाळीची रुंदी आठ ते दहा सेंटिमीटर भरते. पंखांची जमीन काळी, तीवर फिकट पिवळ्या रंगाचे लहानमोठे ठिपके जणू कोणी शिंपडून दिलेले. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात एक विटकरी लाल ठिपका व त्याच्या कडेस निळसर छटा. ह्या कुळातील पुष्कळ फुलपाखरांच्या मागील पंखांस शेपटीसारखी टोके असतात. लिंबाळीस ती नाहीत. उडणे वेगाचे, जमिनीपासून फार उंच नव्हे. फुलावर बसले तरी पंखांची थरथर चालूच असते, त्यामुळे त्याचे चित्र काढू पाहणाऱ्यास ते नीट उभे राहू देत नाही. उन्हाच्या वेळी भीमेच्या किंवा घोडेच्या ओल्या वाळूवर नर उतरतात आणि सोंड लावून ओल शोषीत बसतात; त्या ओलाव्यातून त्यांस क्षार मिळतात. अशा वेळी त्यांच्याजवळ बरेच पुढे जाता येते.

ह्या फुलपाखराचे शास्त्रीय नाव 'पॅपिलिओ डेमोलिअस'. १७५८ साली स्वीडनच्या लिनीअसने ते ठेविले. लिनीअसला ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे फुलपाखरांस देण्याची मोठी हौस होती. डेमोलिओस हा त्या युद्धातील एक ग्रीक योद्धा. व्हर्जिलच्या 'ईनिड' काव्यात त्याचा उल्लेख येतो तो त्याच्या चिलखतापुरता. ते चिलखत इतके जड होते की, दोन सेवकांस मिळून ते जेमतेम उचलता येई, आणि ते अंगावर घालून हा गडी ट्रोजनांच्या पाठीस लागत असे! ज्याचे ओझे फुलाच्या देठासही जाणवत नाही अशा जिवास हे नाव मिळावे, यास योगायोग म्हणावे की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे ह्या जातीचा जीवनक्रम ज्यांनी बारकाईने लिहून ठेविला, त्यांत जेम्स डेव्हिडसन, टी. आर. बेल आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकन ह्या तिघांची नावे घेतली पाहिजेत. एटकन हे १८५१ साली साताऱ्यास जन्मलेले. त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकविले व पुढे जकात व मिठाच्या खात्यात नोकरी केली. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. कारवारच्या बाजूस ह्या तिघांनी शेकडो अळ्या घरी वाढवून पाहिल्या व त्यांची हकीकत त्या संस्थेच्या नियतकालिकात छापली. बेल हे जंगलखात्यातील अधिकारी. १९०९ पासून त्यांनी त्याच नियतकालिकात हिंदुस्थानच्या मैदानी मुलखातील सामान्य फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहिली. त्यांच्या कामाची खुबी अशी की, फुलपाखरू मारून टाचणीवर लावण्यापेक्षा अंडे कोठे घातले, अळी काय खाते, कोश कसा टांगते, ह्यांकडे त्यांचे लक्ष अधिक होते. आपल्या शाळांतील क्रमिक पुस्तकांत पुष्कळ दिवस फुलपाखरू नेहमी फुलावर आणि अळी 'पिकांचे शत्रू' ह्या पाठात, अशी त्यांची ताटातूट होत आली. दोन्ही एकच प्राणी आहेत, हे मुलास चौथ्या-पाचव्या इयत्तेत कळते, पण पटते मात्र डोळ्यांनी पाहिल्यावरच.

आणि ते पाहण्यास कारवारास जावे लागत नाही. लिंबाच्या रोपास नवी पालवी फुटली की मादी येते. ती पानावर बसते आणि पुढच्या पायांनी पानावर झटपट थापा मारते. त्या पायांवर रुचीची इंद्रिये असतात. तबल्यावर बोट फिरवून तो सुरात आहे की नाही हे पाहावे, तसे ती हे पान आपल्या पोरांच्या कामाचे आहे की नाही, हे चाखून पाहते. खात्री पटली म्हणजे कोवळ्या पानावर एक अंडे चिकटवून उडते. एका ठिकाणी बहुधा एकच; सारी अंडी एका टोपलीत ठेवण्याचा अविचार ती करीत नाही. अंडे वाटोळे, फिकट पिवळे, बारीक मोहरीएवढे. उबदार दिवसांत तीन-चार दिवसांनी त्यातून अळी निघते व पहिले जेवण म्हणून बहुधा अंड्याचे टरफलच खाऊन टाकते.

येथे एक शब्दाचा खुलासा करावा. पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही अशा प्रत्येक प्राण्यास सरसकट 'सुरवंट' म्हणतात व मुलांस हात लावू देत नाहीत. सुरवंट म्हणजे केसाळ, ज्याच्या स्पर्शाने खाज सुटते तो. लिंबावरची ही अळी गुळगुळीत असते; तिच्या स्पर्शाने काही अपाय होत नाही.

ही लहान अळी पाहिली तर अळी म्हणून ओळखूच येत नाही. काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पानावर एखाद्या पाखराची विष्ठा पडली असावी असेच वाटते. ज्या पक्ष्यांनी तिला खावयाचे त्यांनी तोंड फिरवावे, एवढ्यासाठीच हे सोंग. अळी वाढता वाढता चार वेळा कात टाकते. तीन वेळा हे जुनेच सोंग कायम राहते. पण चौथी कात टाकल्यावर ती एवढी मोठी होते की ह्या बतावणीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. मग ती एकदम हिरवी होते, पानाच्या रंगात मिसळून जाते. डोक्यामागचा भाग फुगीर आणि त्यावर डोळ्यांसारख्या खुणा, त्यामुळे समोरून पाहणाऱ्यास लहानसा साप असावा असा भास होतो. तिला काडीने डिवचले तर मानेमागून तांबूस नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे सर्रकन बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. आंबट फळ कुजल्यासारखा तो वास ज्याने एकदा घेतला, तो विसरत नाही. मुंग्या व लहान किडे त्यामुळे दूर हटतात. घरातील मुलांस मात्र शिंगे पुन्हा पुन्हा पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्या जिवाचा त्यात पुष्कळ खर्च होतो.

दीड इंच वाढ झाली की अळी खाणे सोडते आणि काही वेळ इकडेतिकडे फिरत राहते. एखादी काडी निवडून तिच्यावर रेशमाची गादी विणते, पाठीमागून एक धागा कमरपट्ट्यासारखा ओढून घेते आणि अखेरची कात टाकून कोश होते. हिरव्या पानांत असेल तर कोश बहुधा हिरवा, वाळक्या लाकडावर किंवा भिंतीवर असेल तर तपकिरी. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कोश फुटतो. थंडीत किंवा कोरड्या काळात हाच मुक्काम बराच लांबू शकतो. आपल्या उबदार हवेत वर्षाकाठी अशा सात-आठ पिढ्या होऊन जातात.

ज्या घरी कुंडीत लिंबू किंवा कढीपत्ता आहे, त्या घरी हा सारा खेळ रुंद तोंडाच्या बरणीत पाहता येतो. तोंडास मलमलीचा तुकडा बांधावा, रोज ताजी पाने घालावी, खालची घाण काढून टाकावी, आणि एक काडी तिरपी ठेवावी, म्हणजे कोशास जागा मिळते व पुढे पंख वाळविण्यास आधार मिळतो. येथे एक सूचना आधीच देऊन ठेवली पाहिजे. कधी कधी मुले पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून वाट पाहतात आणि कोशातून फुलपाखराऐवजी चिलटाएवढ्या माश्यांचा घोळका बाहेर पडतो. ह्या माश्या म्हणजे एक प्रकारच्या बारीक गांधीलमाश्या. कोश कोवळा असताना मादीने त्यात अंडी घातलेली असतात, आणि तिची पोरे आतूनच कोश खाऊन वाढतात. दुसरी एक जात अळीच्या अंगात वाढते आणि बाहेर येऊन पांढरे चिमुकले कोष्टे विणते. तिसरी तर एवढी सूक्ष्म की लिंबाळीच्या अंड्यातच तिचा सारा संसार होतो. मुलांची अशा वेळी निराशा होते खरी, पण निसर्गाचा हिशेब त्यांस तेव्हा जेवढा समजतो तेवढा फुलपाखरू निघाल्याने समजत नाही. लिंबाळीच्या शेकडो अंड्यांपैकी पंखांपर्यंत पोचणारी थोडी, म्हणूनच लिंबास पाने उरतात.

आता ह्या फुलपाखराच्या मुलखाकडे वळू. शिरूर-दौंडच्या बागा पाण्यावर अवलंबून आहेत. पाटाचे व विहिरीचे पाणी येण्यापूर्वी कागदी लिंबाचे एवढे मळे ह्या माळावर असणे शक्य नव्हते. मग तेव्हा लिंबाळी काय खात होती? उत्तर ह्या मुलखातच आहे. शिरूर तालुक्यात कवठे यमाई नावाचे गाव आहे. त्याच्या नावातच कवठ आहे. कवठ, बेल आणि लिंबू ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुटुंबातील, आणि लिंबाळीची अळी तिन्ही आवडीने खाते. महाशिवरात्रीस बेल वाहणाऱ्याच्या हाती एखादे कुरतडलेले त्रिदल येते ते बहुधा हिच्याच कृपेने. कवठ व बेल ही दोन्ही झाडे दुष्काळी मुलखात तग धरणारी. तेव्हा ह्या माळावर लिंबाळीस बागाईतदाराची वाट पाहत बसण्याची गरज नव्हती.

ह्याहून नवलाचे खाद्य म्हणजे बावची. शेताच्या बांधावर, पडीक काळ्या जमिनीत उगवणारे हे जांभळ्या फुलांचे रोप कडधान्याच्या कुळातील. लिंबाशी त्याचे नाते काडीचे नाही. तरीही लिंबाळीची अळी बावचीवर सुखाने वाढते. बावचीच्या बिया आयुर्वेदात कोडावर देतात, आणि त्यांत जे द्रव्य असते त्यास शास्त्रज्ञांनी बावचीच्याच शास्त्रीय नावावरून 'सोरालेन' असे नाव दिले. त्याच जातीची द्रव्ये लिंबाच्या कुटुंबातही सापडतात. मादी पायांनी पान चाखते ती झाडाचे कुळ-गोत्र विचारण्यासाठी नव्हे, तर त्यातील रसायनासाठी. आणि रसायन ओळखीचे लागले की जात वेगळी असली तरी तिची हरकत नसते, असे ह्यावरून मानतात.

बावचीचा हा धागा थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. लिंबाळीचा जुना मुलूख असा: पश्चिमेस ओमान, अरबस्तान व इराण, मग सिंध-पंजाब, सबंध हिंदुस्थान, हिमालयात सुमारे सात हजार फुटांपर्यंत, श्रीलंका, नेपाळ, ब्रह्मदेश, दक्षिण चीन, तैवान, आणि दूर आग्नेयेस न्यू गिनी व ऑस्ट्रेलिया. गंमत अशी की, ऑस्ट्रेलियातील लिंबाळी लिंबास सहसा तोंड लावीत नाही. तेथील माळांवर बावचीच्या भावकीतली जी झुडपे आहेत त्यांवर ती वाढते. पाऊस चांगला झाला की तेथील आतल्या कोरड्या प्रदेशात तिचे पीक येते आणि थवेच्या थवे दूरवर प्रवास करतात. तेथील मळेवाल्यास ती एक देखणे फुलपाखरू म्हणून ठाऊक आहे, शत्रू म्हणून नव्हे. एकच जात, पण शिरूरच्या बागेत तिच्यावर फवारा आणि तिकडे तिची कोणास फिकीर नाही!

मधल्या भागाची कथा निराळी. मलाया, बोर्निओ, जावा, फिलिपाईन्स येथे पूर्वी घनदाट अरण्ये. लिंबाळी हे उजेडाचे, उघड्या जागेचे फुलपाखरू. दाट जंगल म्हणजे तिच्यापुरती भिंतच. विसाव्या शतकात जसजसे जंगल तुटले, रस्ते व वस्त्या झाल्या, अंगणाअंगणांत लिंबे लागली, तसतशी ती भिंत खचली आणि लिंबाळी बेटामागून बेट घेत पुढे सरकली. जंगलतोडीने पुष्कळ फुलपाखरांची घरे गेली, हे सर्वश्रुत आहे. तिच्याच हातून एखाद्याचे राज्य वाढले, हे तितकेसे सांगितले जात नाही. अलीकडे सीरिया आणि तुर्कस्तानाच्या दक्षिण भागातही ती नोंदली गेली आहे.

हे कुळ मूळचे कोठले? लिंबाळीचे अगदी सख्खे नातेवाईक आफ्रिकेत आणि मादागास्कर बेटात आहेत. आफ्रिकेतील बहिणीचे नाव 'डेमोडोकस', हेही ग्रीक काव्यातील एका अंध गायकाचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या सर्वांची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहिली, तेव्हा ह्या सबंध शाखेचे माहेर मादागास्कर असावे, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे भीमाकाठची लिंबाळी कोणे एके काळी हिंदी महासागराच्या पलीकडून आलेली. तो काळ एवढा प्राचीन की तिला ह्या मुलखाची म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

त्याच २००४ साली आणखी एक बातमी आली. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात हिस्पानिओला नावाचे बेट आहे. त्यावर हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक अशी दोन राज्ये नांदतात. त्यांपैकी डोमिनिकन प्रजासत्ताकात लिंबाळी आढळली. ती तेथवर स्वतःच्या पंखांनी गेलेली नाही, हे उघड आहे. रोपांबरोबर आलेली अंडी-अळ्या, अथवा कोणी हौसेने बाळगलेली फुलपाखरे सुटली, असे तर्क झाले. दोनच वर्षांनी, म्हणजे २००६ साली, तिच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली आणि ती आग्नेय आशियातील पिढीची ठरली, हिंदुस्थानातील नव्हे. पुढे थोड्याच वर्षांत पोर्तो रिको, जमैका, क्यूबा ही बेटे तिने घेतली. २०२२ साली पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांतही ती सापडली. नव्या मुलखात तिच्या मागे लागणाऱ्या त्या बारीक गांधीलमाश्यांचा संच पुरता जुळलेला नसतो, म्हणून तेथील फळबागांच्या अधिकाऱ्यांस तिची अधिक धास्ती वाटते.

ह्या हिस्पानिओलाची एक जुनी हकीकत येथे आठवल्यावाचून राहत नाही. लिंबू-संत्र्याची जात मूळची आशियातील. अरबांनी ती पश्चिमेस नेली, स्पेनने तिचे मळे केले, आणि १४९३ साली कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा वाटेत कॅनरी बेटांवर त्याने ह्या फळांच्या बिया बरोबर घेतल्या. त्या पेरल्या गेल्या त्या ह्याच बेटावर. म्हणजे झाड पुढे गेले, आणि त्याचे पान खाणारे पाखरू पाचशे अकरा वर्षांनी त्याचा माग काढीत तेथे पोचले! देवाणघेवाणीचा दुसरा हिशेबही ह्याच जागी मांडावा. शिरूर-दौंडच्या बांधांवर आज लिंबाळी ज्या एकदांडीच्या व घाणेरीच्या फुलांतील मध पिते, त्या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिकेच्या. त्यांस येथे येताना कोणी अडविले नाही.

आता बागाईतदाराची बाजू. ती ऐकून न घेता फुलपाखराचे कौतुक करणे शहरात बसून फार सोपे आहे. कागदी लिंबाचे रोप लावल्यापासून फळ हाती येण्यास तीन-चार वर्षे जातात. त्या काळात पाणी, खत, मजुरी ही सारी पदरची. लिंबाचे तीन बहार: जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार, जूनचा मृग बहार, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. ह्यांत हस्त बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात येतात, तेव्हा सरबताच्या दिवसांत भाव उत्तम मिळतो. म्हणून ह्या भागातील शेतकऱ्याची नजर त्यावर. पण तो धरण्यासाठी झाडास ताण द्यावा लागतो, आणि परतीचा पाऊस नेमका त्याच वेळी येऊन ताण मोडतो. त्यात खैऱ्या रोग पानाफळांवर, डिंक्या रोग खोडावर, नाग अळी पानाच्या पापुद्र्यात. एवढ्या सगळ्यांशी झुंजणाऱ्या माणसास, रोपवाटिकेतील हातभर उंचीच्या कलमाचा एका आठवड्यात नुसता सांगाडा राहिला, तर लिंबाळीच्या पंखांवरील नक्षी दाखविण्यात अर्थ नाही.

तथापि ह्या नुकसानीचे मोजमाप नीट झाले पाहिजे. वाढलेल्या झाडावर पाच-पंचवीस अळ्या असल्या तर त्यास विशेष कळतही नाही. गेलेली पालवी ते पुन्हा फोडते. खरा धोका रोपवाटिकेस आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या लहान झाडांस. त्यातही अळी पानांचा फडशा पाडते ती शेवटची कात टाकल्यावरच्या थोड्या दिवसांत. आधीच्या अवस्थेत, विष्ठेचे सोंग घेतलेली असताना, ती ओळखता आली तर निम्मे काम झाले. म्हणून कृषीतज्ज्ञ प्रथम सांगतात ते हेच, की पालवी फुटण्याच्या दिवसांत सकाळी रोपांतून फिरावे आणि अंडी व अळ्या हातांनी वेचाव्या. त्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी. रोग-किडींच्या अळ्यांस मारणारे जिवाणूंचे औषधही मिळते. जालीम विषाची पाळी अगदी शेवटी, आणि मोठ्या बागेत तर बहुधा कधीच नाही. कारण विष फवारले म्हणजे अळीबरोबर त्या तिन्ही जातींच्या बारीक गांधीलमाश्याही मरतात. लिंबाळी सात-आठ पिढ्यांच्या वेगाने परत येते. तिच्या वैऱ्यांस तितक्या लवकर परतता येईलच असे नाही. फुलोऱ्यात फवारणी केली तर मधमाश्या जातात आणि फळ धरण्यातच खोट येते, ती वेगळीच.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई शरबती' सारख्या कागदी लिंबाच्या जाती तयार केल्या आणि भीमा-घोडेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनी त्या उचलल्या. बाग लहान असताना घरातील पोरेसोरे शाळेस जाण्यापूर्वी रोपांतून एक फेरी मारतात, डब्यात अळ्या गोळा करतात आणि कोंबड्यांपुढे टाकतात. शिंगे काढून वास सोडणारी अळी कोंबडी एकदा चोचीत धरून टाकून देते, पुन्हा उचलते, आणि अखेर गिळते. काही समजूतदार बागाईतदार बांधावरचे कवठाचे वा बेलाचे जुने झाड तोडीत नाहीत आणि त्यावरच्या अळ्यांस हातही लावीत नाहीत. त्या झाडावर लिंबाळी वाढते, तिच्याबरोबर तिचे शत्रूही वाढतात, आणि पुढच्या पालवीस जेव्हा ती बागेत उतरते तेव्हा तेही तिच्या मागोमाग हजर असतात. शहरातील कुंडीवाल्यासही हा उपाय करण्यासारखा आहे: लिंबाचे रोप ठेवावयाचे तर शेजारी कढीपत्त्याचे एक ठेवावे, आणि लिंबावरची अळी हलक्या हाताने उचलून त्यावर सोडावी. कढीपत्ता भराभर वाढतो. पाऊस संपता संपता त्या रोपाच्या काडीवर किंवा कुंडीच्या कडेखाली कमरपट्टा बांधलेला एखादा कोश सापडतो. गच्ची झाडताना केरसुणी तेवढी त्याच्यापासून दूर ठेवावी.